क्षारपड रानातल्या शेततळ्याचं अडकलेलं अनुदान असं सुटलं

पलूस तालुक्यात कृष्णाकाठचं आमचं रान क्षारपड आहे. उन्हाळ्यात सरीत मिठासारखा पांढरा थर चढतो अन् ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. तिथं तळं काढून मासे पाळायचं ठरवलं आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत प्रस्ताव टाकला. तो परत आला. सातबारा सामाईक, भावाबहिणींची नावं लागलेली, त्यामुळं एकट्याच्या अर्जाला जमिनीचा आधार नव्हता.

तोडगा घरातच निघाला. सगळ्यांना बसवून बोललो. तळ्यापुरतं क्षेत्र बायकोच्या नावे दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं द्यायचं ठरलं. करार दुय्यम निबंधकाकडं रीतसर नोंदवला. नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू नका. अर्जही तिच्याच नावे केला. या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला मंजूर प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव कागदावर आलं, याचा मला खरा आनंद.

पैसा मात्र आधी आपला घालावा लागतो. काम दिसलं, तपासणी झाली, की मग अनुदान येतं. म्हणून खोदाई सुरू व्हायच्या आधीचा, निम्म्या खोदाईचा आणि पाणी भरल्यावरचा फोटो तारीख-ठिकाणासह ठेवा. जेसीबीचं पक्कं बिल घ्या.

आणि रोहू-कटला माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तळ्यात सोडण्याआधी पाण्याचा खारेपणा तपासून घ्या. क्षारपड रानात तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटतं, तसा तो वाढत जातो.