क्लॅरेंडन टाइप कसा वापरावा

लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने (छपाईचे खिळे ओतणारा कारखाना) १८४५ साली क्लॅरेंडन हा इंग्रजी अक्षरांचा ठळक टाइप बाजारात आणला. रॉबर्ट बेस्ली फाउंड्रीचे भागीदार, खिळ्यांचे पंच, म्हणजे साच्यासाठीचे पोलादी ठसे, कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. या टाइपाच्या नोंदणीचे संरक्षण तीनच वर्षांचे होते. ते संपताच इतरांनी धडाधड नकला काढल्या. शब्दकोशातला मूळ शब्द ठळक आणि अर्थ साध्या टाइपात, अशा कामात हा टाइप शोभतो. थोडे शब्द, पण ठाम.

आधी तो ओळखायला शिका. अक्षराच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या असतात, म्हणून हा स्लॅब सेरिफ. पण रॉकवेल या दुसऱ्या स्लॅब सेरिफमध्ये (१९३४) पट्टी अक्षराच्या उभ्या दांड्याला काटकोनात भिडते, तर क्लॅरेंडनमध्ये ती हलक्या वळणाने दांड्यात मिसळते. इंग्रजी लहान ‘ए’, ‘सी’, ‘आर’ यांच्या टोकाला गोल थेंब दिसतो. या वळणामुळे आणि थेंबांमुळेच इतका जाड टाइप रुक्ष वाटत नाही. माझ्या मते त्याचे सगळे सौंदर्य इथे आहे.

मग मजकूर निवडा. दुकानाचे नाव, पुस्तकाचे शीर्षक, डब्यावरचे लेबल, दिशाफलक इथे तो उत्तम. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या पाट्यांवर तो अनेक वर्षे होता. सलग परिच्छेद मात्र त्यात लावू नका, पान काळेकुट्ट होते.

जोडीला शांत टाइप घ्या; दुसरा स्लॅब सेरिफ नको. दोन्ही एकाच ओळीत असतील तर पॉइंटचा (टाइपाच्या मापाचा) आकडा सारखा ठेवून भागत नाही. दोन्हींतला लहान ‘एक्स’ शेजारी ठेवा आणि उंची जुळेपर्यंत एकाचा आकार कमी-जास्त करा.

आता अंतर. लहान अक्षरे मुळीच फाकवू नका. सगळी मोठी अक्षरे असतील तर किंचित मोकळी करा. वर इंग्रजी नाव आणि खाली मराठी असेल तर जास्त काळजी घ्या: वरच्या ओळीच्या जाड पट्ट्या आणि खालची शिरोरेषा असे दोन आडवे पट्टे जवळ येतात, त्यात मात्रा-वेलांट्या गुदमरतात. नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा.

शेवटी खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापून हातभर अंतरावरून पाहा. पाटी असेल तर रस्त्यापलीकडून. ‘ई’ आणि ‘ए’ यांची पोटे शाईने भरलेली दिसली तर एक पायरी हलके वजन, म्हणजे कमी जाडीची अक्षरे, घ्या.