लाजाळू विद्यार्थ्याने महाविद्यालयातले पहिले वर्ष कसे निभावावे

तालुक्याच्या गावी बारावीपर्यंत शिकलेल्या मुलाला स्वतःची ओळख करून देण्याची वेळ सहसा येत नाही. ‘पाटील गुरुजींचा धाकटा’ एवढ्यावर त्याचे भागते. तोच मुलगा पुण्यात पदवीच्या प्रथम वर्षाला येतो आणि शंभर-सव्वाशे अनोळखी चेहऱ्यांच्या वर्गात बसतो, तेव्हा जे काम त्याने आयुष्यात कधी केलेले नाही ते त्याला रोज करावे लागते. अशा वेळी सगळे जण ‘जरा बोलत जा’ असे सांगतात. हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण लाजाळू माणसाची अडचण शब्दांची नसते, निमित्ताची असते. म्हणून पहिल्या सत्रात स्वभाव बदलण्याच्या मागे न लागता बोलण्याची निमित्ते जमवावीत.

१. बसण्याची जागा ठरवावी. पहिले दोन आठवडे तासाच्या दहा मिनिटे आधी वर्गात जावे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाकावर, रोज त्याच जागी बसावे. शेवटच्या बाकावर लपता येते, परंतु तिथले गट लवकर जमतात आणि बाहेरच्याला आत घ्यायला वेळ लावतात. जागा ठरली की आजूबाजूचे तीन-चार चेहरे आठवड्याभरात परिचयाचे होतात. पहिला प्रश्न कामाचाच विचारावा, म्हणजे ‘मॅडमनी जर्नल कधी मागितलं आहे?’ किंवा ‘उद्याचा पहिला तास होणार आहे का?’ अशा प्रश्नाला उत्तर देताना समोरच्यालाही अवघडल्यासारखे होत नाही.

२. प्रॅक्टिकलच्या बॅचचा उपयोग करून घ्यावा. विज्ञान शाखेत प्रॅक्टिकलसाठी वर्गाच्या लहान बॅच पाडतात आणि बरेचसे प्रयोग दोघा-तिघांनी मिळून करायचे असतात. लाजाळू विद्यार्थ्यासाठी याहून चांगली सोय नाही, कारण हात कामात असले की तोंड आपोआप उघडते. कला आणि वाणिज्य शाखेत ही सोय कमी असते. तिथे गटाने करायच्या प्रकल्पावर लक्ष ठेवावे. गट ठरताच एखादे नेमके काम आपणहून मागून घ्यावे. ‘मी ग्रंथालयातून पुस्तकं काढून आणतो’ एवढे वाक्य पुरते. गप्प राहून काम न मागणारा मुलगा लाजाळू आहे हे इतरांना कळत नाही; तो भाव खातो असा समज होतो आणि तो पुसायला पुढे सहा महिने लागतात.

३. भाषेची भीती वेगळी काढावी. अनेकांच्या लाजेचे खरे मूळ इथे असते. ‘पानी’, ‘न्हाई’, ‘व्हतं’ असे बोलल्यावर मागून कोणी हसेल या धास्तीने मुले गप्प होतात आणि त्यातच प्राध्यापक इंग्रजीत शिकवू लागले की ती गप्पच राहतात. या दोन भीती एकत्र करू नयेत. बोलीबाबत काहीही दुरुस्त करण्याची गरज नाही. हसणारे पंधरा दिवसांत कंटाळतात आणि वर्गात त्याच बोलीचे आणखी पाच-सहा जण निघतात, ते शोधावेत. इंग्रजीसाठी मात्र मेहनत घ्यावी लागेल. प्रत्येक तासात न कळलेल्या तीनच संज्ञा वहीच्या मागच्या पानावर टिपाव्यात, त्याच संध्याकाळी त्यांचा अर्थ पाहावा आणि उरलेली शंका कागदावर लिहून तास संपल्यावर प्राध्यापकांना विचारावी. कागद हातात असला की वाक्य अडखळत नाही, आणि कागदावरून वाचून विचारल्याबद्दल रागावलेले प्राध्यापक निदान माझ्या पाहण्यात नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.ए. आणि बी.कॉम.च्या अनेक विषयांची उत्तरे मराठीत लिहिता येतात, हेही पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.

४. मंचामागचे काम निवडावे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. श्रमदान करताना, पंगतीत वाढताना भाषण द्यावे लागत नाही, तरी आठवड्यात वीस जणांची नावे पाठ होतात. नाटकाची आवड असेल तर दुसरी वाट आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी पावसाळ्यात, म्हणजे नवे विद्यार्थी दाखल होतात त्याच सुमारास रंगात येतात. भूमिका मागू नये. नेपथ्य उचलायला, प्रकाशयोजनेच्या वायरी ओढायला प्रत्येक संघाला माणसे कमीच पडतात.

५. रविवारच्या संध्याकाळची तजवीज शनिवारी करावी. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. इतर जण घोळक्याने बाहेर जेवायला जातात आणि एकटा राहिलेला मुलगा खोलीत बिस्किटांवर भागवतो. घरची आठवण नेमकी याच वेळी दाटते. शनिवारीच रूममेटला किंवा बॅचमधल्या एकाला ‘उद्या रात्री जेवायला कुठे जायचं?’ असे विचारून ठेवावे. घोळक्यात शिरण्यापेक्षा एकाला विचारणे सोपे असते.

६. लाज आणि त्रास यांत फरक करावा. वरिष्ठांकडून छळ होत असेल तर तो आपल्या भिडस्तपणाचा दोष मानून सोसू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. १८००-१८०-५५२२ या देशव्यापी क्रमांकावर नाव न सांगताही तक्रार करता येते. झोप उडाली, जेवण तुटले, वर्गात जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडू लागले, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते.

७. परत जाण्याचा निर्णय दिवाळीत घेऊ नये. सुट्टीत घरी गेलेल्या अनेकांना गावातल्याच महाविद्यालयात नाव घालावेसे वाटते. हा निर्णय दुसरे सत्र महिनाभर चालेपर्यंत पुढे ढकलावा. सुट्टी संपण्याच्या एक दिवस आधी खोलीवर परतावे आणि येताना फराळाचा मोठा डबा आणावा. तो दार उघडे ठेवून उघडावा. मजल्यावरची मुले वासाने येतात, आणि त्या संध्याकाळी बोलण्याचे निम्मे काम चकल्या करतात.