खाडीची भरती चार मिनिटांत: वर्गासाठी व्हिडिओ कसा करावा

भरती-ओहोटी शिकवताना आपण फळ्यावर पृथ्वी काढतो, चंद्र काढतो, दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी काढतो. ती आकृती हवीच, आणि ती फळ्यावरच काढलेली बरी. पण आमची शाळा दाभोळच्या खाडीकाठी आहे. इथल्या मुलांनी भरलेली खाडी पाहिलेली असते, सुकलेली खाडीही पाहिलेली असते. मधले सहा तास मात्र कुणी बसून पाहिलेले नसतात. पाणी इतकं सावकाश चढतं की डोळ्यांना ते चढताना दिसतच नाही. व्हिडिओ करायचा तो अशा गोष्टीसाठी. खडूने जे दाखवता येतं त्यासाठी कॅमेरा काढू नये, असं माझं ठाम मत आहे. फार हळू घडणारं, फार बारीक असलेलं, आणि वर्गात येऊ न शकणारं माणूस, या तीन गोष्टी कॅमेऱ्याने आणाव्यात.

पुढे जे सांगते ते सगळं सहावी-सातवीसाठी केलेल्या एकाच व्हिडिओच्या आधाराने सांगते. साधा फोन, एक कॉलर माईक, एक पॉवर बँक आणि एक बांबू, एवढंच सामान लागतं.

आधी कागद

कोऱ्या कागदावर सगळ्यात वर एक प्रश्न लिहा. एकच. आमचा प्रश्न होता: दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात उभं राहणारं तिवराचं झाड मरत का नाही? या प्रश्नाला जे उपयोगी नाही ते व्हिडिओत येणार नाही, हे त्याच वेळी ठरवून टाका. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरेख दिसते, पलीकडच्या डोंगरावर ढग उतरतात तेही सुरेख दिसतं. पण ते तिवराबद्दल काही सांगत नाहीत, तेव्हा ते बाहेर.

मग कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे ‘काय दिसेल’, उजवीकडे ‘काय ऐकू येईल’. दोन्ही रकान्यांत तेच आलं असेल तर उजवीकडचं खोडा. पाणी चढताना दिसत असताना ‘आता पाणी चढत आहे’ असं म्हणायची गरज नसते. तिथे ‘बांबूवरचा तिसरा पट्टा कधी बुडतो ते बघा’ असं म्हणावं. पूर्ण वाक्य पडद्यावर लिहून तेच वाचून दाखवणंही टाळा. बहुमाध्यम शिक्षणावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी हे सविस्तर मांडलंय: चित्र, बोलणं आणि तेच लिहिलेलं असं तिन्ही एकदम आलं की शिकणाऱ्याचं लक्ष विभागतं. नवी संज्ञा असेल, जसं ‘श्वसनमुळे’ (तिवराची चिखलातून वर येऊन हवा घेणारी मुळं), तर तेवढा एक शब्द दाखवावा, कारण तो मुलाला वहीत शुद्ध लिहायचा असतो.

लांबी किती ठेवावी? फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. ते शिकणारे बहुतेक मोठे लोक होते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मी चारच मिनिटं धरते. मिनिटाला शंभर शब्द या हिशेबाने चारशे शब्द होतात; त्यातले शंभर कमी करा, कारण मुलांना नुसतं बघायलाही वेळ हवा. हे तीनशे शब्द मोठ्याने वाचून बघा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

तिथी बघून तारीख

किनाऱ्यावर चित्रीकरणाचा दिवस सोयीने ठरत नाही, पाण्याने ठरतो. जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथीगणिक ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, आणि भरतीच्या सव्वासहा तास आधी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असते. यावरून आमच्या कामाचा दिवस निघतो पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया. दीडच्या सुमारास भरती, सव्वासातच्या सुमारास सुकती. म्हणजे पाणी चढण्याचा सगळा वेळ उजेडात मिळतो, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाण्याच्या पातळीतला फरकही मोठा असतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत तेच चित्र अगदी मिळमिळीत येतं.

हा हिशेब ढोबळ आहे. मुंबईच्या मानाने रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा आपल्या जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून वेळ पक्की करा. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला निवडा. हवा कोरडी असते आणि त्याचा पुढे एक खास फायदा आहे.

सहा तास अर्ध्या मिनिटात

बांबूला २५ सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि पूर्ण सुकतीला तो तिवरांच्या पुढच्या चिखलात घट्ट रोवा, चिखलाच्या वर दोन मीटर राहील असा. हे काम चिखल ओळखणाऱ्या मोठ्या माणसाने करायचं. मुलं बांधावर. खाडीचा चिखल कुठे घोट्यापर्यंत असतो आणि कुठे कमरेपर्यंत, हे वरून कळत नाही.

फोन ठेवायची जागा निवडताना बांधाच्या दगडांकडे बघा. जिथवर कालवं चिकटलेली आहेत तिथवर पाणी नेमाने येतं. त्याच्याही वर वाळका पालापाचोळा आणि प्लास्टिक एका रेषेत अडकलेलं असतं, ती मागच्या उधाणाची खूण. फोन त्या रेषेच्या वर, सावलीत. दोन चिऱ्यांच्या (बांधकामाच्या दगडांच्या) मध्ये आडवा बसवला की कुठल्याही स्टँडपेक्षा पक्का राहतो; वाऱ्याने स्टँड हलतं, चिरा हलत नाही. बांबू चौकटीच्या एका तृतीयांशावर घ्या आणि वर पाणी चढायला जागा ठेवा.

आता गणित. दर ३० सेकंदांना एक फोटो घेतला तर सहा तासांत ७२० फोटो होतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर २९ सेकंदांची फीत तयार होते, चार मिनिटांच्या व्हिडिओत नेमकी बसणारी. फोनमधल्या टाइमलॅप्सला दोन फोटोंमधलं अंतर ठरवायची सोय नसेल तर ती देणारी मोफत ॲप मिळतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर एखाद्या कॉलने साखळी तुटते. पॉवर बँक जोडा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. तसं केलं नाही तर प्रत्येक ढगाबरोबर चित्र उजळत-काळवंडत राहतं. आणि तिथे कुणीतरी मोठं माणूस सहाही तास बसलेलं हवं. मुलं दर तासाला येऊन बांबूवरची पातळी वहीत लिहून जातात, त्याचा पुढे आलेख होतो.

पानावरचं मीठ

या व्हिडिओतला माझा सगळ्यात लाडका भाग वीस सेकंदांचा आहे. तिवराला जादा मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकता येतं. कोरड्या हवेत उन्हं चढली की पानावर मिठाचे बारीक स्फटिक चमकताना दिसतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात, म्हणून तर थंडीचा महिना. फांदी तोडू नका, वाकवूही नका, फोन पानाजवळ न्या. दहा-बारा सेंटिमीटरवर बहुतेक फोन फोकस घेतात. घेत नसेल तर थोडं मागे येऊन दोनपट झूम करा. ऊन पानाच्या मागून किंवा बाजूने येऊ द्या, स्फटिक तेव्हाच उठून दिसतात. समोरून ऊन असेल तर पान नुसतं हिरवं-राखी दिसतं. शॉट दहा सेकंद अजिबात न हलता घ्या. मग एक मुलगी पानाला बोट लावून ते जिभेवर ठेवते आणि तिचा चेहरा बदलतो, हा दुसरा शॉट. ‘खारट!’ हा शब्द तिच्याच तोंडून यावा. निवेदनातून आला तर त्यात काही उरत नाही.

श्वसनमुळांचा शॉट जमिनीलगत घ्या. वरून घेतलेल्या चित्रात ती काटक्यांसारखी दिसतात. फोन चिखलाच्या पातळीला आणला की शेकडो मुळं सरळ वर आलेली दिसतात आणि प्रश्न आपोआप पडतो, ही उलटी का वाढतात? शेजारी एखादं नाणं ठेवा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो. आधी फुंकर मारून रेती उडवा, मगच मऊ सुती कापडाने पुसा. रेतीसकट पुसलं तर ओरखडे कायमचे.

आवाज

चित्र थोडं अंधुक असलं तरी मुलं समजून घेतात. आवाज कळला नाही तर तिसऱ्या वाक्याला ती आपसात बोलायला लागतात. म्हणून पैसे खर्च करायचे तर माईकवर करा. कॉलर माईकवर स्पंज आणि त्यावर केसाळ टोपी असावी. नुसता स्पंज खाडीवरच्या दुपारच्या वाऱ्याला पुरत नाही. वारा सकाळी कमी असतो, तेव्हा बोलण्याचं सगळं आठ-नऊच्या आत उरका. होडीचं इंजिन ऐकू आलं तर थांबा, ते जाऊ द्या. दर जागी एक मिनिटभर कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन तुकडे जोडताना मध्ये जी पोकळी पडते ती यानेच बुजते.

निवेदन घरी, गाद्या-उशा असलेल्या खोलीत, पंखा बंद करून करा. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस असेल तर त्या दिवशी नाही. वर्गात चित्रण करणार असाल तर ट्यूब बंद करून खिडकीशी बसा. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते, आणि सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात त्याच्या पट्ट्या सरकताना दिसतात. २५ चौकटी आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवता येत असेल तर त्या जातात.

कालवं काढणाऱ्या एखाद्या काकूंना बोलतं करायचं असेल तर उभ्याने प्रश्न विचारू नका. त्यांच्याबरोबर खाली बसा, फोन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला ठेवा, आणि हात कामात असू द्या. ‘तुम्ही रोज येता का?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काकू, आज खाडीत कधी उतरायचं हे तुम्हांला कसं कळतं?’ असं विचारलं की त्या तिथीपासून सुरू करतात आणि मग आपल्याला काही बोलावं लागत नाही. त्यांची बोली जशीच्या तशी ठेवा. तिच्यावर प्रमाण मराठीतलं निवेदन चढवू नका. आपल्या आजीसारखं बोलणारं माणूस पाठाच्या व्हिडिओत ज्ञान सांगतंय, हे मुलांनी ऐकायलाच हवं. चित्रण झाल्यावर त्यांना फोनवर दाखवा आणि वापरू का, हे विचारा. मुलांच्या पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली असावी, आणि मुलाचं पूर्ण नाव पडद्यावर कुठेही येऊ नये.

संकलन

काइनमास्टर किंवा इनशॉट फोनवर चालतं. संगणक असेल तर शॉटकट आणि ओपनशॉट मोफत आहेत. क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण निवेदन टाइमलाइनवर अंथरा, ते डोळे मिटून ऐका, नकोसं कापा. त्यानंतरच चित्रं लावा. उलट केलं की सुंदर शॉट सोडवत नाही आणि त्याच्यासाठी वाक्यं वाढतात.

बोलण्याखाली संगीत नको. पाण्याचा चुबचुब आवाज आणि खंड्याची शीळ पुरे. सुरुवातीला संगीत हवंच असेल तर मोफत परवान्याचं घ्या, सिनेमाचं गाणं नाही.

देवनागरी अक्षरं काही ॲपमध्ये फुटतात. ‘स्फटिक’, ‘श्वसनमुळे’ आणि ‘चिऱ्यांच्या’ हे तीन शब्द टाइप करून बघा. नीट दिसले तर बाकी सगळं नीट येतं. नाही दिसले तर दुसरीकडे पारदर्शक पाटीवर शब्द लिहून तो चित्र म्हणून आणा. मुक्ता आणि बालू हे दोन्ही मोफत फाँट ठसठशीत आहेत. शेवटी फोन हात लांब करून धरा आणि वाचता येतं का बघा, कारण बऱ्याच घरी हा व्हिडिओ आईच्या लहान फोनवर पाहिला जाणार असतो.

दोन ठिकाणी मुद्दाम थांबा ठेवा. आमच्या व्हिडिओत बांबूचे दोन पट्टे बुडाल्यावर चित्र गोठतं आणि प्रश्न येतो: ‘अजून किती पट्टे बुडतील? वहीत लिहा.’ अंदाज लिहिलेलं मूल पुढची फीत वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

फाइल ७२० पिक्सेलमध्ये, एमपी४, सेकंदाला २ मेगाबिटने काढली की मिनिटाला १५ एमबी होते, चार मिनिटांची ६०. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आणखी दाबली जात नाही. रेंज नसलेल्या वाड्यांसाठी पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड.

पहिल्यांदा वर्गात लावाल तेव्हा पडद्याकडे पाठ करून बसा आणि मुलांचे चेहरे बघा. जिथे नजरा खिडकीकडे जातात तो सेकंद टिपून ठेवा, त्या भागाला पुन्हा कात्री लावा. मूळ चित्रण पुसू नका. ते दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावात जागा, तारीख आणि तिथी घाला, म्हणजे पुढच्या वर्षी भांगाच्या दिवसाचं चित्रण करून दोन्ही फिती शेजारी-शेजारी लावता येतील.