छेडछाडीचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

गोव्यात कॉलेजचा एनएसएस गट असो, महिला मंडळ असो की पंचायतीतली एखादी उत्साही पंच, छेडछाडीवर सर्वेक्षण करायचं ठरलं की आधी गूगल फॉर्म तयार होतो आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. पुढे 'इतके टक्के महिलांना त्रास' अशी बातमी येते, फोटो छापून येतो आणि बसस्टँडवर जे चालतं ते चालूच राहतं. हेतू चांगलाच असतो, पण मांडणीत काही चुका हमखास होतात.

'तुमची कधी छेड काढली गेली का?'

असं विचारलंत तर बऱ्याच जणी सरळ 'नाही' म्हणतील. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. रोजच्या बसमध्ये जे घडतं त्याला त्या मोजण्यासारखं समजतच नाहीत. म्हणून कृती विचारा, आणि प्रत्येक कृतीला वेगळा प्रश्न ठेवा. गर्दीत कोणी मुद्दाम अंग घासलं का? कोणी शिट्टी मारली, घाणेरडं बोललं? स्कूटरमागून कोणी गाडी लावून आलं? न विचारता मोबाइलवर फोटो काढला? हा शेवटचा प्रश्न किनारी भागात तर वगळूच नका.

'कधी तरी' हा शब्दही घात करतो. वीस वर्षांपूर्वीची आणि गेल्या आठवड्यातली घटना एकाच रकान्यात जाऊन बसते. 'गेल्या बारा महिन्यांत' हे ठीक, पण 'गेल्या चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) आजपर्यंत' असं म्हटलं की बायकांना नेमकं आठवतं.

आणि 'तक्रार का केली नाही?' असं तर मुळीच विचारू नका. त्यात आरोप आहे. 'त्यानंतर तुम्ही काय केलंत?' असं विचारून पर्याय द्या: गप्प राहिले, ओरडले, उतरून गेले, घरी सांगितलं, पोलिसांकडे गेले. एकाहून अधिक पर्यायांवर खूण करता येऊ द्या.

ज्या भेटल्याच नाहीत त्यांचं काय?

व्हॉट्सअॅपवरचा फॉर्म कोण भरतं? कॉलेजच्या मुली, शिक्षिका, ऑफिसात काम करणाऱ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी भाजीवाली, वेर्ण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून निघणारी कामगार, झुआरीनगरात राहणारी कन्नड बोलणारी घरकामवाली त्यात नसतात. तेव्हा फॉर्मवरून 'गोव्यातल्या 60 टक्के महिला' असं लिहायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. 'फॉर्म भरणाऱ्यांपैकी' एवढंच लिहा. प्रश्न मराठी-कोकणीत ठेवाच, शिवाय हिंदी आणि कन्नड बोलणारी एकेक बाई गटात घ्या.

स्टँडवर उभं राहून विचारणं बरं, पण त्यातही गंमत आहे. जी बाई त्रासामुळे ती बसच सोडून बसली, ती तुम्हाला त्या स्टँडवर भेटणारच नाही. म्हणजे जागा जितकी वाईट, तितकं तुमचं उत्तर चांगलं दिसण्याची भीती. माझ्या मते अशा सर्वेक्षणातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच, आणि तो बहुतेक फॉर्मांत नसतो: या त्रासामुळे तुम्ही काय बदललंत? वाट बदलली, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) घ्यायला लागलात, संध्याकाळचा क्लास सोडला, भावाला न्यायला बोलवायला लागलात, नोकरीच सोडली? याची उत्तरं घरी जाऊन घ्यावी लागतात. वेळाही बदलून पाहा. सकाळी अकराला विचारलेलं आणि संध्याकाळी साडेसातला विचारलेलं, स्टँड एकच असला तरी चित्र वेगळं येतं.

घरी गेलात, पण सासूसमोर विचारलंत

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली महिलांवरील घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी सुरक्षेची तत्त्वं छापली. त्यातलं मुख्य म्हणजे एकांत. एका घरातल्या एकाच बाईला विचारा. कोणी मध्येच आलं तर लगेच विषय बदलता यावा म्हणून बसच्या वेळा, रस्त्यावरचे दिवे, असे चार साधे प्रश्न हाताशी ठेवा. 'मुलीला त्रास होतो' हे घरात कळलं की आधी मुलीचं बाहेर जाणं बंद होतं. हे काही तुमच्या सर्वेक्षणाचं उद्दिष्ट नव्हतं.

'पणजी' ही जागा नव्हे

'कुठे घडलं?' याला 'पणजी' किंवा 'मडगाव' असं उत्तर घेऊन पुढे जाऊ नका. कोणता थांबा, कोणता तिठा, खुरसापाशी (क्रूसापाशी) की फेरीधक्क्यावर? बसमध्ये असेल तर कोणता मार्ग, बसायला जागा होती का, दाराशी उभी होती का? खासगी मिनीबसमध्ये कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' (पुढे जा) करत माणसं कोंबतो. तिथला त्रास आणि अंधाऱ्या पायवाटेवरचा त्रास यांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाला जादा बस हवी, दुसऱ्याला दिवा.

'तो कुठला होता?'

हा प्रश्न काढून टाका. गोव्यात तो विचारला की 'भायलो' (बाहेरचा) हे उत्तर तयारच असतं. अनोळखी माणूस कुठला हे बाई चेहऱ्यावरून आणि बोलीवरून अंदाजाने सांगणार, आणि तो अंदाज तुमच्या अहवालात आकडा होऊन बसणार. नकाशावर लाल ठिपके लावून एखाद्या वाड्याला बदनाम करणं हीदेखील त्याचीच दुसरी बाजू. त्यापेक्षा तो प्रवासी होता, बसचा कर्मचारी होता की ओळखीचा, हे विचारा. त्याचा काही उपयोग तरी होतो.

शाळेत फॉर्म वाटण्याआधी

उत्तर देणारी अठराच्या आतली असेल तर 'हे कोणालाच सांगणार नाही' असं वचन देता येत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गोव्यात गोवा बाल कायदा 2003 सुद्धा आहे. आधी जाणकार वकील आणि शाळेशी बोला, पालकांची संमती घ्या, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलींना द्या. मोठ्या बायकांसाठी मदतीचे क्रमांक 112 आणि 181.

जुने फॉर्म नक्कल करताना कलमंही तपासा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. लैंगिक छळ कलम 75, पाठलाग 78, शब्द वा हावभावाने अपमान 79. अजून जुन्या दंड संहितेचं '354' छापलेली पत्रकं दिसतात.

नाव घेतलं नाही, तरी ओळख पटते

वय, वाडा आणि नोकरी एकत्र छापलंत की छोट्या गावात ती कोण हे पाच मिनिटांत कळतं. पाचपेक्षा कमी उत्तरं असलेला रकाना छापू नका. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणारी सेटिंगही बंद आहे ना, ते पाहा.

अहवाल कुणाला द्यायचा, हे शेवटी ठरवणं

हे पहिल्या दिवशीच ठरवा. दिव्यांसाठी पंचायत, बससाठी वाहतूक खातं, कॉलेजच्या दाराशी असेल तर पोलीस ठाणं. ज्या प्रश्नाचं उत्तर यांतल्या कुणालाच द्यायचं नाही, तो फॉर्ममधून गाळा. ग्रामसभेत मांडताना टक्केवारीपेक्षा 'अमुक थांब्यावर संध्याकाळी सातनंतर, अमुक मार्गावर' असं बोला. पंचांना टाळायला तेवढी जागा उरत नाही.

दिवे लागल्यावर पुन्हा मोजा, त्याच प्रश्नांनी आणि त्याच मोसमात. डिसेंबरची गर्दी आणि जुलैचा पाऊस यांची तुलना करून काही निघत नाही. दुसऱ्या वेळी आकडा वाढला तरी घाबरून अहवाल दाबू नका. पहिल्या फेरीत गप्प राहिलेल्या बायका या वेळी बोलल्या असण्याचीही शक्यता आहे. तेव्हा आकड्यासोबत बायकांनी काय बदललं त्याची उत्तरंही शेजारी ठेवून वाचा. संध्याकाळचा क्लास सोडलेल्या किती जणी परत आल्या, ते त्यात दिसतं.