शाखांच्या व्हीपीएनसाठी रेडिअस सर्व्हर कसा बसवावा

सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्था, बेदाण्याच्या पेढ्या, कोल्ड स्टोरेज अशा ठिकाणी एक प्रकार सर्रास दिसतो. तासगाव, विटा, जतच्या शाखा मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला जोडायच्या म्हणून राउटरवर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) चालू केलेला असतो आणि सगळ्या शाखांना मिळून एकच यूजरनेम, एकच पासवर्ड दिलेला असतो. नोकरी सोडून गेलेला क्लार्कही घरबसल्या आत येऊ शकतो. रात्री अकराला आत कोण होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्या यंत्रणेत आहे तिथे असं चालू देणं मला अजिबात मान्य नाही. प्रत्येकाला स्वतःचं खातं हवं आणि ती खाती एका जागी तपासली गेली पाहिजेत. त्यासाठी रेडिअस, म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे एका जागी तपासणारी पद्धत.

ही पद्धत जुनी आहे. लिव्हिंगस्टन कंपनीने १९९१ मध्ये डायल-अप मोडेमसाठी ती आणली. आजचं प्रमाण आरएफसी २८६५ हे जून २००० चं आहे, आणि आपण वापरणार तो फ्रीरेडिअस हा रेडिअस सर्व्हर १९९९ पासून मोफत मिळतो. शाखेतला माणूस राउटरला नाव-पासवर्ड देतो, राउटर रेडिअसला विचारतो, रेडिअस हो किंवा नाही सांगतो. विचारपूस यूडीपी पोर्ट १८१२ वर होते, कोण कधी आला-गेला याची नोंद १८१३ वर. १६४५ आणि १६४६ सांगणारं मार्गदर्शन हाताशी आलं तर ते बाजूला ठेवा, ते फार जुनं आहे.

उबंटू किंवा डेबियनचा सर्व्हर, मायक्रोटिक राउटर, मुख्य कार्यालयाला स्टॅटिक आयपी आणि एखाद्या स्थानिक खात्यावर चालणारा एलटूटीपी-आयपीसेक किंवा एसएसटीपी (व्हीपीएनचे प्रकार, यांत माहिती सांकेतिक बोगद्यातून जाते), एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. अजून पीपीटीपी हा व्हीपीएनचा जुना, असुरक्षित प्रकारच चालू असेल तर आधी ते बदला. त्यावर रेडिअस बसवणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. फाइलींची आणि आज्ञांची नावं आपण एकमेकांना फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजीत टाइप करायची.

पायरी १. अॅप्टने फ्रीरेडिअस आणि फ्रीरेडिअस-युटिल्स टाका. आवृत्ती ३.२.५ किंवा पुढची असावी, नाहीतर डिस्ट्रोचे सुरक्षा अपडेट लागलेले असावेत. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडिअस नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यावरची दुरुस्ती त्यात आहे.

डेटाबेस बसवू नका. पन्नासेक माणसांच्या संस्थेला साधी यूजर्स फाइल पुरते. पहिल्याच दिवशी मारियाडीबी आणि वर वेब पॅनेल चढवायला सांगणारे व्हिडिओ पाहून लोक अडकतात, आणि मग दोष रेडिअसचा, डेटाबेसचा की पॅनेलचा हेच कळेनासं होतं. पुढे कधी डेटाबेस घेतलाच तर रॅडचेक टेबलमधला ऑप हा रकाना आठवणीने भरा. तो मोकळा सोडला तर दुहेरी बरोबरचं चिन्ह बसतं. पासवर्डसाठी := हेच लागतं.

पायरी २. क्लायंट्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये राउटरचा आयपी आणि सिक्रेट (राउटर आणि सर्व्हर यांच्यातला सामाईक पासवर्ड) लिहा. सिक्रेट लांब आणि यंत्राने तयार केलेलं असावं. संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल जोडून केलेली सिक्रेट्स मी पाहिली आहेत, तसलं काही नको. त्याच कंसात रिक्वायर-मेसेज-ऑथेंटिकेटर येस करा. यामुळे ब्लास्ट-रेडिअसपासून बचाव होतोच, शिवाय आणखी एक मोठी सोय होते. सिक्रेट दोन्हीकडे जुळत नसेल तर सर्व्हर स्पष्ट शब्दांत तसं सांगतो. हा पर्याय नसला तर एमएस-चॅपच्या (पासवर्ड तपासण्याची एक पद्धत, पायरी ३ मध्ये येईल) बाबतीत सर्व्हर ‘अॅक्सेप्ट’ म्हणून मोकळा होतो, राउटर ते उत्तर खोटं समजून टाकून देतो, आणि तुम्ही दोघांच्या मधे तासन्‌तास शोधत बसता. राउटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) जुनं असेल तर आधी ते अद्ययावत करा.

पायरी ३. पासवर्ड कसा साठवायचा. नव्वद टक्के भांडण इथेच होतं, त्यामुळे घाई करू नका. मलाही या जागेने रात्री जागवलं आहे.

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: “साहेब, पासवर्ड बरोबर टाकलाय हो, तरी घेईना झालंय.” आणि तो खरं सांगत असतो. पासवर्ड बरोबरच असतो. अडचण अशी की सर्व्हरने तो ज्या रूपात ठेवलाय आणि विंडोज ज्या रूपात पाठवतंय ती दोन रूपं एकमेकांशी जुळूच शकत नाहीत.

पॅप पद्धतीत पासवर्ड सर्व्हरपर्यंत आहे तसा पोहोचतो (वाटेत सिक्रेटने झाकलेला असतो, पण सर्व्हरला तो उघडून मिळतो). म्हणून सर्व्हरकडे तो हॅश करून ठेवलेला असला तरी चालतं, आलेल्या पासवर्डचा तसाच हॅश काढून ताडून पाहता येतो. चॅप आणि एमएस-चॅप व्ही-टू मध्ये पासवर्ड येतच नाही. त्यापासून काढलेलं एक उत्तर येतं, आणि तेच उत्तर सर्व्हरला स्वतः काढून पाहावं लागतं. हॅश म्हणजे दळलेली हळद. मार्केट यार्डातल्या कुणालाही विचारा, पुडीपासून पुन्हा हळकुंड होत नाही. पॅप तुमच्याकडे हळकुंड आणून देतं, तुम्ही ते आपल्या गिरणीत दळून दोन पुड्या शेजारी ठेवू शकता. एमएस-चॅप स्वतःच्या गिरणीची पूड आणतं, आणि तुमच्याकडे हळकुंड नसून दुसऱ्याच गिरणीची पूड असेल तर जुळवणार कशी?

तर हिशेब असा बसतो. चॅप हवं असेल तर सर्व्हरकडे पासवर्ड उघड्या रूपातच लागतो. एमएस-चॅप व्ही-टू ला उघडा पासवर्ड किंवा एनटी-पासवर्ड नावाचा हॅश, या दोनांपैकी एक लागतं. पॅपला काहीही चालतं. लिनक्सच्या शॅडो फाइलमधले हॅश उचलून त्यावर एमएस-चॅप चालवायला कुणी सांगितलं तर ते होणार नाही. सेटिंग कितीही फिरवलं तरी होणार नाही.

विंडोजवर एलटूटीपी जोडणी तयार केली की चॅप आणि एमएस-चॅप व्ही-टू वर खूण असते, पॅपवर नसते. मग काय निवडायचं? माझं मत पक्कं आहे. आयपीसेकचा किंवा एसएसटीपीचा बोगदा नीट चालू असेल तर पॅप घ्या आणि सर्व्हरवर मीठ घातलेला (प्रत्येक पासवर्डला वेगळी यादृच्छिक अक्षरं जोडून काढलेला) मजबूत हॅश ठेवा. “पॅप असुरक्षित आहे” हे पाठांतर त्या जमान्यातलं, जेव्हा पासवर्ड उघड्या तारेवरून जात होता. इथे तो बोगद्याच्या आतून जातो. बोगदाच नसेल तर मात्र पॅप कदापि नको, म्हणून राउटरवर आयपीसेक सक्तीचं करा. प्रत्येक शाखेच्या संगणकावर जाऊन पॅपची खूण करणं शक्य नसेल तर एमएस-चॅप व्ही-टू आणि एनटी-पासवर्ड घ्या. तो हॅश एसएमबी-एन्क्रिप्ट या आज्ञेने निघतो. पण त्यात मीठ नसतं आणि तो एमडी-फोरचा असतो, म्हणून ती फाइल उघड्या पासवर्डइतकीच जपा. परवानगी ६४०, मालक फ्रीरॅड, आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर फिरता कामा नये.

आता सगळ्यात वाईट सल्ला. ‘घेईना’ म्हटलं की कुणीतरी ऑथ-टाइप := अॅक्सेप्ट अशी ओळ घालायला सांगतो. ती घातली की सगळे आत येतात, कारण पासवर्ड तपासणंच बंद झालेलं असतं. कोणताही पासवर्ड टाकून बघा, दार उघडतं. ऑथ-टाइप हाताने लिहायचाच नाही, आलेली विनंती पाहून सर्व्हर तो स्वतः ठरवतो. याला अपवाद एकच, तो पुढे येईल.

नोंद अशी लिहायची: ओळीच्या सुरुवातीला नाव, मग निवडलेल्या रूपाचं नाव (पॅपच्या हॅशला क्रिप्ट-पासवर्ड, एमएस-चॅपला एनटी-पासवर्ड, उघड्या पासवर्डला क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड), मग := आणि अवतरणात किंमत. पुढच्या ओळीत टॅब देऊन फ्रेम्ड-आयपी-अॅड्रेस. प्रत्येकाला ठरलेला आयपी मिळाला की जतच्या कॅशियरला फक्त त्याचं सॉफ्टवेअर उघडेल अशी फायरवॉल लिहिता येते.

पायरी ४. सर्व्हिस थांबवा आणि फ्रीरेडिअस उणे मोठा एक्स या आज्ञेने डीबगमध्ये चालवा. शेवटी ‘रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स’ दिसलं पाहिजे. दुसऱ्या खिडकीतून रॅडटेस्ट चालवा, आधी साधा, मग उणे टी एमएसचॅप लावून. राउटरला हात लावण्याआधी या दोनांपैकी तुम्ही निवडलेली पद्धत लोकलहोस्टवर पास झालीच पाहिजे.

डीबगचा मजकूर लांबलचक येतो आणि लोक तो पाहून खिडकी बंद करतात. वाचा. वरून खाली, शांतपणे. उत्तर त्यातच असतं. ‘नो नोन गुड पासवर्ड’ आलं तर सर्व्हरला त्या नावाची नोंदच सापडलेली नाही, नावाचं स्पेलिंग बघा. ‘नो एनटी-पासवर्ड’ आलं तर वरच्या पायरीत लिहिलेला घोळ आहे, पासवर्ड चुकीच्या रूपात ठेवलाय. ‘अननोन क्लायंट’ म्हणजे राउटर दुसऱ्याच आयपीवरून विचारतोय. पासवर्डच्या जागी न वाचता येणारी अक्षरं दिसली तर सिक्रेट जुळत नाही. फायरवॉल बंद करून पाहणं हा यातल्या कशावरही उपाय नाही.

पायरी ५. मायक्रोटिकवर रेडिअसमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि सिक्रेट द्या, पीपीपी सेवेवर खूण करा, मग पीपीपीच्या सिक्रेट्समध्ये जाऊन यूज रेडिअस आणि अकाउंटिंग चालू करा. इथे दोन सापळे आहेत. पहिला, राउटरचा टाइमआउट मुळात ३०० मिलिसेकंद असतो आणि फ्रीरेडिअस नकार मुद्दाम एक सेकंद उशिरा देतो, म्हणजे पासवर्ड ओळखण्याचा मारा मंदावतो. परिणामी चुकीच्या पासवर्डलाही राउटरवर ‘टाइमआउट’ दिसतं आणि माणूस केबल तपासत बसतो. टाइमआउट ३ सेकंद करा. दुसरा सापळा जास्त घातक आहे. राउटर आधी स्वतःकडची खाती बघतो आणि नाव तिथे सापडलं नाही तरच रेडिअसला विचारतो. जुनी सामाईक खाती राउटरवर तशीच राहिली तर वरचं सगळं काम वाया गेलं. ती काढून टाका.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी त्याच्या नावापुढे ऑथ-टाइप := रिजेक्ट लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. यामुळे नवी जोडणी थांबते, पण आत असलेला माणूस आतच राहतो. त्याला विनबॉक्स या मायक्रोटिकच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमधून हाताने काढावं लागतं.

सर्व्हर कुठे ठेवायचा? सांगलीत कृष्णाकाठच्या पेठांत तळमजला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. रेडिअस बंद म्हणजे सगळ्या शाखा बाहेर, म्हणून दुसरा छोटा सर्व्हर नदीपासून लांब, विट्यासारख्या शाखेत ठेवा आणि राउटरमध्ये दोन्ही पत्ते द्या. राउटर आणि त्या लांबच्या सर्व्हरमधली विचारपूस उघड्या इंटरनेटवरून जाऊ देऊ नका, वायरगार्ड या व्हीपीएनच्या आतून न्या. दोन्हीकडच्या यूजर्स फाइली सारख्या राहतील याची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा.

राहिल्या नोंदी. त्या रॅडअॅक्ट फोल्डरमध्ये दिवसागणिक साठतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच जपायचे आहेत आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं आहे, थेट किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरमार्फत. लॉगरोटेटची (जुने लॉग काढून टाकणारं साधन) मुदत त्याप्रमाणे वाढवा, राउटर आणि सर्व्हर दोन्हींचं घड्याळ जुळवा, आणि डीबग बंद करून सर्व्हिस पुन्हा चालू केली का ते खिडकी बंद करण्याआधी तपासा.