लॉकडेप एकदाच बोलतो: कर्नल कोडच्या टेस्टिंगमध्ये मी कुठे अडकलो

तीन आठवडे माझ्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या, आणि ते तीनही आठवडे माझ्या ड्रायव्हरमध्ये अख्खं मशीन गोठवणारा डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं) बसलेला होता. लिनक्स कर्नलच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. सी येतं, मॉड्यूल बांधून लोड करता येतं, क्यूएमूमध्ये स्वतःचा कर्नल बूट करता येतो, एवढं गृहीत धरतो. ते येत नसेल तर आधी ते करा.

युजरस्पेसमध्ये चूक झाली की प्रोसेस मरते आणि निदान कोअर फाइल तरी मागे राहते. कर्नलमध्ये चूक झाली की बऱ्याचदा काहीच होत नाही. दुसऱ्याच्या मेमरीत चार बाइट जास्तीचे लिहिले जातात, तुमची टेस्ट पास होते, आणि दोन तासांनी भलतंच काहीतरी कोसळतं. म्हणून इथे तुमचा टेस्ट कोड फक्त वाटा चालून येतो. त्या वाटेवर चूक झाली हे ओळखण्याचं काम कर्नलमधले पहारेकरी करतात: मेमरीसाठी केसॅन, लॉकसाठी लॉकडेप, गळतीसाठी केमेमलीक, डेटा रेससाठी (एकच डेटा दोघांनी लॉकशिवाय एकाच वेळी हाताळणं) केसीसॅन. पहारेकरी बंद असेल तर पास झालेल्या टेस्टला फारसा अर्थ नाही. हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं, आणि तरीही मी फसलो. कसा, ते जरा सविस्तर सांगतो.

ड्रायव्हरमध्ये एक स्पिनलॉक होता, म्हणजे मिळेपर्यंत सीपीयूला जागच्या जागी फिरत ठेवणारा लॉक. आयऑक्टलच्या वाटेने (युजरस्पेसमधून ड्रायव्हरला हुकूम देणारा सिस्टिम कॉल) येणारा कोड तो साध्या पद्धतीने घ्यायचा, म्हणजे इंटरप्ट चालू ठेवून. डिव्हाइसचा इंटरप्ट हँडलरही तोच लॉक घ्यायचा. आता बघा. ज्या सीपीयूवर आयऑक्टलवाल्याच्या हातात लॉक आहे, त्याच सीपीयूवर नेमका त्याच क्षणी इंटरप्ट आला, तर हँडलर लॉकसाठी फिरत बसतो. लॉक ज्याच्याकडे आहे त्याला हँडलर संपेपर्यंत सीपीयू मिळत नाही. दोघंही तिथेच अडकले. पण हे घडायची फट काही मायक्रोसेकंदांची. माझ्या व्हर्च्युअल मशीनवर हजारो फेऱ्यांत ती एकदाही सापडली नाही. खऱ्या हार्डवेअरवर रात्रभर लोड दिला, आणि सकाळी मशीन गार पडलेलं. सीरियल कन्सोलवर एक ओळ नाही.

ही चूक पकडायलाच तर लॉकडेप आहे. इंगो मोल्नार यांनी लिहिलेला हा तपासनीस २००६ साली २.६.१८ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याची खुबी अशी की तो डेडलॉक घडायची वाट बघत नाही. हा लॉक एकदा इंटरप्ट चालू असताना घेतला गेला, याची तो नोंद ठेवतो. पुढे कधीतरी, दुसऱ्याच सीपीयूवर, तोच लॉक इंटरप्ट हँडलरमध्ये घेतला गेला की दोन नोंदी जुळवून तो लगेच ओरडतो. दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेतले तरी तेच. म्हणजे नेमकी वेळ साधण्याची गरजच नाही. प्रत्येक वाट एकदा, निरनिराळ्या वेळी चाललात तरी पुरतं. हे समजल्यावर टेस्ट लिहिण्याची माझी पद्धतच बदलली: एकच वाट लाख वेळा तुडवण्यापेक्षा न चाललेल्या वाटा शोधणं जास्त मोलाचं.

मग लॉकडेप गप्प का होता? पर्याय चालू होता, कॉन्फिगमध्ये मी स्वतः चार वेळा बघितलं होतं.

कारण लॉकडेप एका बूटमध्ये एकदाच बोलतो. पहिला इशारा दिला की तो स्वतःला बंद करतो. एकदा गडबड दिसल्यावर पुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून. आणि आमच्या टेस्ट मशीनवर बूट होतानाच दुसऱ्या एका ड्रायव्हरचा लॉकडेप इशारा यायचा. टीममध्ये सगळ्यांना तो माहीत होता. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘तो जुनाच आहे, त्याचं आपल्याला काही नाही.’ इशारा आमच्या कोडचा नव्हता हे खरंच होतं. पण त्या क्षणापासून पुढे लॉकडेप बंद होता, आणि माझ्या सगळ्या टेस्ट त्याच्यानंतर चालायच्या. तीन आठवडे मी पहारेकरी नसलेल्या दारावर विश्वास ठेवला.

तेव्हा हे नीट ऐका. टेस्ट सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा, प्रॉकमधली लॉकडेप_स्टॅट्स ही फाइल वाचा. त्यात डीबग_लॉक्स नावाची ओळ आहे. ती १ असेल तर लॉकडेप जागा आहे. ० असेल तर टेस्टचा निकाल फेकून द्या, मग तो पास असो वा नापास. ही तपासणी स्क्रिप्टमध्येच घाला. लक्षात ठेवून करू म्हणालात तर चौथ्या दिवशी विसराल. इशारा न देताही लॉकडेप बंद पडू शकतो: त्याच्याकडे लॉकच्या वर्गांना आणि साखळ्यांना मर्यादित जागा असते, आणि ती संपली की लॉगमध्ये एक ओळ टाकून तो काम थांबवतो. आधी उप्स (कर्नलने स्वतःच नोंदवलेली गंभीर चूक) झाला असेल तरीही तो बंदच असतो. केसॅनचीही सवय अशीच आहे. डीफॉल्टने तो पहिलीच चूक सांगतो. पुढच्याही हव्या असतील तर बूट करताना केसॅन_मल्टी_शॉट द्यावं लागतं.

आणि बूटमधला ‘जुनाच’ इशारा? तो आधी दुरुस्त करा, नाही जमलं तर तो ड्रायव्हर टेस्टच्या कॉन्फिगमधून काढून टाका. दुसऱ्याचा कोड आहे म्हणून सोडू नका. मी तो ड्रायव्हर काढला, टेस्ट चालवल्या, आणि अकराव्या सेकंदाला माझ्या स्पिनलॉकचा इशारा समोर होता. दुरुस्ती किरकोळ होती: आयऑक्टलच्या वाटेवर इंटरप्ट बंद करून लॉक घेणारी आवृत्ती वापरली, बस्स.

इथे एक मत मांडतोच. उत्तर देणारा मार्गदर्शक आणि तुमचा लॉग वाचणारा मार्गदर्शक यांत दुसरा निवडा. मला भेटलेले अनुभवी लोक हुशार होते, माझ्याशी चांगलेच वागले, पण पहिल्या ओळीपासून डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, माझ्यासोबत कुणी वाचला नाही. ज्या सीनियरने अखेर वाचला, तिला दहा मिनिटं लागली. शॉर्टकटबद्दलही तेच: कुणाचीतरी तयार कॉन्फिग फाइल उचलून ‘यात सगळं डीबगिंग चालू आहे’ यावर विसंबू नका. सगळं एकत्र चालू होतच नाही. केसॅन आणि केसीसॅन एका कर्नलमध्ये नांदत नाहीत, त्यामुळे किमान दोन कर्नल बांधावेच लागतात. वेळ लागतो. लागू द्या.

केयुनिट, म्हणजे कर्नलची युनिट टेस्टची चौकट, तिच्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या जानेवारीत आलेल्या ५.५ पासून तो कर्नलमध्येच आहे, आणि शुद्ध हिशेबाच्या फंक्शनसाठी (पार्सर, याद्या, सीमा तपासणी) त्याच्याइतकं जलद काही नाही. पण त्याची नेहमीची स्क्रिप्ट डीफॉल्टने यूजर मोड लिनक्सवर (साध्या प्रोसेससारखा चालणारा कर्नल) चालते, आणि तिथे सहसा एकच सीपीयू असतो. एका सीपीयूसाठी बांधलेल्या साध्या कर्नलमध्ये स्पिनलॉक जवळजवळ नाहीसाच होतो, उरतं फक्त प्रीएम्प्शन (चालू टास्क मध्येच थांबवून दुसरं चालवणं) बंद करणं. तेव्हा लॉकिंगचा भरवसा तिथून घेऊ नका. त्यासाठी तीच स्क्रिप्ट क्यूएमूवर, अनेक सीपीयू देऊन चालवा. आणखी एक: केयुनिटमधलं असर्ट फसलं की टेस्ट तिथेच सोडली जाते आणि लॉक सुटत नाही, त्यामुळे लॉक हातात असताना असर्ट लिहू नका, टेस्ट पुढे चालू ठेवणारं एक्स्पेक्ट लिहा.

एरर हाताळणाऱ्या वाटा मात्र बहुतेक नवशिके चालतच नाहीत. मीही चाललो नव्हतो. मेमरी वाटप सहसा फसत नाही, म्हणून गोटूच्या खालचा साफसफाईचा कोड वर्षानुवर्षं न चाललेला राहतो, आणि दोनदा फ्री करण्याच्या चुका तिथेच लपतात. फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे वाटपं मुद्दाम फसवण्याची सोय, चालू करून कर्नल बांधा. प्रॉकमध्ये प्रत्येक टास्कला फेल-एन्थ नावाची फाइल मिळते. तीत ३ लिहिलं की त्या टास्कचं तिसरं फसवता येण्याजोगं वाटप फसतं. १ पासून सुरू करा आणि एकेक वाढवत जा. कॉलनंतर फाइल वाचल्यावर ० आलं तर फसवणूक झाली. शून्याहून मोठा आकडा आला तर तितकी वाटपं झालीच नाहीत, म्हणजे तुमचं काम संपलं. एक अट: फेलस्लॅबमधलं (मेमरी वाटपं फसवणारा त्याच सोयीचा भाग) इग्नोर-जीएफपी-वेट डीफॉल्टने चालू असतं, आणि ते असेपर्यंत झोपू शकणारी नेहमीची वाटपं वगळली जातात. ते बंद करा, नाहीतर सगळं हिरवं दिसेल आणि तपासलेलं काहीच नसेल. हे लूप केसॅन आणि केमेमलीकसोबत पहिल्यांदा चालवलं त्या संध्याकाळी मला चार चुका सापडल्या. वाईट वाटलं, पण त्या माझ्या टेबलावर सापडल्या होत्या, कुणाच्या सर्व्हरवर नाही.

घाबरू नका, एवढं मनापासून सांगतो. माझा पहिला लॉकडेप रिपोर्ट समजायला मला अख्खी दुपार लागली होती, कारण मी तो वरून खाली वाचत होतो. अवलंबनांची साखळी त्यात उलट्या क्रमाने छापलेली असते, हे शीर्षकातच लिहिलेलं असतं आणि तरी नजरेतून निसटतं. आधी खाली जा आणि सीपीयू० च्या स्तंभात कोण कुठला लॉक घेतोय ते छोटं चित्र शोधा. इंटरप्टची भानगड असेल तर दोन लॉकच्या ओळींमध्ये इंटरप्ट हा शब्द कोनी कंसात दिसेल. तो दिसला की वर या आणि दोन स्टॅक ट्रेस बघा: लॉक इंटरप्ट चालू असताना कुठे घेतला, आणि हँडलरमध्ये कुठे. त्या दोन फंक्शनची नावं कागदावर लिहा. बाकीच्या ऐंशी ओळी त्या दिवशी वाचल्या नाहीत तरी चालतं.