गाडीला फ्लॅशर लावताय? आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या वायरिंगच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. हातात ऑनलाइन मागवलेलं खोकं, त्यात लुकलुकणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या आणि तोंडी एकच वाक्य, "भाऊ, दहा मिनिटांचं काम आहे, पटकन जोडून द्या." दहा मिनिटांत जोडलेलं निस्तरायला मला पुढे अर्धा दिवस लागतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली चूक खोकं मागवतानाच झालेली असते. रंगाची. लाल-निळा दिवा खासगी गाडीवर लावायचा नाही, विषय संपला. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तिथे तुमच्या-माझ्या गाडीचं काय घेऊन बसलात? लाल-निळा-पांढरा दिवा अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन अशा तातडीच्या कामाच्या गाड्यांसाठी आहे. "ग्रिलच्या आत बसवा, दिसणार नाही," असं सांगणारेही भेटतात. दिसणारच नसेल तर लावता कशाला? मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये नियमात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला, दर बदलामागे, 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलंय. आता 2027 चा कुंभमेळा जवळ येतोय, तेव्हा काचेवर ‘स्वयंसेवक’ अशी पाटी आणि बंपरला निळा दिवा अशी जोडी मागणारे वाढणार. माझ्याकडे येऊ नका, चहा पाजून परत पाठवीन.

पिवळा असला म्हणजे सगळं माफ, असंही नाही. क्रेनला, रस्त्याच्या कामावरच्या गाडीला पिवळा दिवा शोभतो. घरच्या गाडीवर कायमचा ठोकायचा तर आधी आरटीओत विचारा. मी स्वतः ठोकलेला नाही. सेलवर चालणारा, चुंबकाचा पिवळा दिवा डिकीत असतो, गाडी बंद पडली की टपावर. (टप काचेचं असेल तर चुंबक चिकटणार नाही, हे गाडी बंद पडायच्या आधी बघून ठेवा.)

आता वायरिंग. इथे माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं.

दिंडोरी रोडकडचा एक पोरगा, बोलेरो घरची. व्हिडिओ बघून स्वतःच दिवे बसवले. पार्किंगच्या दिव्याची वायर ब्लेडने सोलली, तिच्यावर नवी तार गुंडाळली, वर काळी टेप. दोन दिवसांनी फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग पठ्ठ्याने काय करावं? थेट बॅटरीवरून वायर ओढली, मध्ये फ्यूजच नाही! फ्यूज उडतो म्हणून फ्यूजच काढून टाकला. वणीच्या वाटेवर बॉनेटमधून धूर निघाला. नशीब, सोबतच्या काकांनी फडकं गुंडाळून बॅटरीची टर्मिनल उपटली.

गाडी ओढून माझ्याकडे आणली तेव्हा बॉनेट उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा भपकारा आला. बुटाच्या नाडीएवढी ती वायर हॉर्नच्या पट्टीच्या धारेवर घासून सोलली होती आणि तिथेच बॉडीला टेकली होती. तिच्याबरोबर हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळ्यांच्या वायरी वितळून एक काळा गोळा झालेला, बोटांना चिकटत होता. दिवा साडेचारशेचा. हार्नेस (म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा) आणि मजुरीचा आकडा ऐकून पोरगा खालीच बसला. तो फ्यूज दोन वेळा ओरडून हेच सांगत होता की पुढे वायर कुठेतरी घासतेय.

माझी सवय अशी : फ्यूज आधी, दिवा मागून. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसतो, त्याच्याशिवाय मी पुढची वायर कापतसुद्धा नाही. 36 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 3 अँपिअर घेतो, त्याला 5 चा फ्यूज पुरतो. हाताशी 20 चा आहे म्हणून तो घालू नका, दिव्याआधी वायर जळेल. मध्ये रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिच्या पिनांना आकडे असतात : 30 वर फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून दिव्याला, 86 ला बटण, 85 अर्थ. अर्थ देताना रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. रंगावर स्क्रू आवळला की दिवा मनाला येईल तेव्हा पेटतो आणि लोक दिव्याच्या कंपनीला शिव्या घालतात. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी कडी, हवंच. बटणाचा करंट चावीवरून घ्या, नाहीतर रात्रभर विसरलेला तोच दिवा दहा तासांत 30 अँपिअर-तास खाऊन लहान गाडीची बॅटरी झोपवतो.

नवीन गाड्यांत दिव्यांचा करंट कॉम्प्युटर मोजतो. तिथे मूळ वायर सोलायचीच नाही.

दिवा चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या डबल टेपवर भरवसा ठेवू नका, एप्रिलच्या उन्हात ती सुटते.

डॅशबोर्डवर पांढरा स्ट्रोब (झपाझप लखलखणारा दिवा) ठेवून गाडी चालवणारे तर अजबच. काचेवरून उलटून आधी स्वतःचेच डोळे दिपतात, मग समोरच्याचे.

आणि वापर. दिवा बसवला की तो लावून गाडी पळवायची खुमखुमी येते. हा दिवा ‘बाजूला व्हा’ म्हणायला नाही, ‘मी इथे उभा आहे’ एवढंच सांगायला आहे. चालत्या गाडीत तो बंद.

एक चूक माझी. जुलै महिना, कसारा घाट, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. टायर बसला. मी मोठ्या ऐटीत टपावर दिवा ठेवला आणि स्टेपनी काढायला डिकी उघडली. उघडलेल्या दारामागे दिवा झाकला गेला, माझ्या गाडीचे मागचे दिवे दारावरच, तेही वर गेले. मागून येणाऱ्याला मी दिसतच नव्हतो. एका ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारून जी शिवी घातली, ती मला पटली.

तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी चारही इंडिकेटर, मग लाल त्रिकोण घेऊन कडेकडेने मागे चालत जायचं. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते, त्यामुळे पाच-दहा पावलांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग शून्य. मी हायवेवर शंभर पावलं मोजतो, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवतो. डिकीतून सामान काढलं की दार बंद, मगच टपावर दिवा. घरची मंडळी गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 ला फोन.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डिकीतला दिवा पेटवून बघतो. मागे एकदा उघडला तर सेल पाझरून स्प्रिंगवर हिरवट पापुद्रा धरलेला. आता सेल बाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवतो, दिव्याला रबरबँडने बांधून.